‘साधं टाकू का पॉवर?’ : पहिल्यांदा गाडी घेतलेल्यांसाठी पेट्रोलच्या ऑक्टेनचा हिशोब

नवी गाडी घेऊन पंपावर गेलात की काच खाली होताच प्रश्न येतो, “भाऊ, साधं टाकू का पॉवर?” मागे हॉर्न वाजत असतात, समोरच्या पोराने नोझल हातात घेतलेलं असतं आणि शेजारच्या सीटवरून सल्ला येतो, “नवीन गाडी आहे, चांगलंच टाका की.” मग पुढची कित्येक वर्षं तेच “चांगलं” टाकलं जातं. आपल्याकडे कंपनी कुठलीही असो, महागड्या पेट्रोलला सरसकट ‘पॉवर’च म्हणतात. त्या नावामुळेच अर्धा गोंधळ होतो. त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर घरून ठरवून जायचं, ते कसं ठरवायचं ते इथे सांगतो.

आधी झाकण उघडा

गाडी अंगणात उभी असतानाच पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण उघडा आणि त्याच्या आतल्या बाजूला बघा. तिथे एक छोटा स्टिकर असतो. त्यावर ‘आरओएन’ (रिसर्च ऑक्टेन नंबर, म्हणजेच पेट्रोलचा ऑक्टेन) ही अक्षरं आणि त्यापुढे ९१ किंवा ९५ असा आकडा असतो. बऱ्याच गाड्यांवर ई१० किंवा ई२० असंही लिहिलेलं असतं, म्हणजे पेट्रोलमध्ये किती टक्के इथेनॉल चालतं ते. दोन्ही आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

स्टिकर नसेल, किंवा जुनी गाडी घेतली असेल आणि आधीच्या मालकाने रंगकामात तो उडवला असेल, तर गाडीसोबत आलेलं पुस्तक काढा आणि इंधनाचं पान शोधा. पुस्तकही गेलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि वर्ष टाकून ते मिळतं. गाडी कोणत्या वर्षी बनली ते आरसीवर असतं. वर्ष बरोबरच घ्या, कारण त्याच नावाच्या गाडीचं इंजिन मधल्या काळात बदललेलं असू शकतं.

वाचताना एक बारकावा सांभाळा. ‘किमान ९१’ लिहिलं असेल तर ९१ किंवा त्यावरचं काहीही चालतं आणि त्यावर जास्तीचे पैसे घालायची गरज नाही. ‘किमान ९१, शिफारस ९५’ असेल तर गाडी ९१ वरही सुखरूप चालते, पण कंपनीने जाहिरातीत सांगितलेली पूर्ण ताकद ९५ वर मिळते. आणि ‘किमान ९५’ असेल तर त्यात घासाघीस नाही, ९५ च लागेल.

शंभरातल्या बहुतेक वाचकांचं काम इथेच संपतं. तरी पुढचं वाचा, कारण गेल्या काही वर्षांत साध्या नोझलमधून येणारं पेट्रोलच बदललं आहे.

हा आकडा मोजतो काय

इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पिस्टन वर येताना दाबलं जातं. दाबलं की तापतं. ठरलेल्या क्षणी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि ज्वाला एका बाजूने दुसऱ्या बाजूला पसरत जाते. पण दाब आणि उष्णता फार झाली तर ज्वाला पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. त्या भडक्याने उठलेल्या दाबलाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि धातूवर टकटक वाजल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. आपले मेकॅनिक म्हणतात, “इंजिन खडखडतंय.”

अशा आपोआप भडकण्याला पेट्रोल किती वेळ दाद देत नाही, ते ऑक्टेन सांगतो. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० धरलं आणि सहज भडकणाऱ्या हेप्टेनला शून्य. ९१ आरओएन म्हणजे ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकं टिकणारं पेट्रोल. बस, एवढंच. पेट्रोलमध्ये ऊर्जा किती, ते स्वच्छ किती, इंजिनाला किती ‘ताकद’ देतं, यातलं काहीही या आकड्यात नाही. ज्या इंजिनात मुळात नॉकिंग होतच नाही, त्यात आकडा वाढवून ताकद येणार कुठून?

यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी एक इशारा. तिथल्या पंपावर ८७ दिसतो म्हणून आपलं पेट्रोल भारी, असा निष्कर्ष काढू नका. त्यांचा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो. त्यांचं ८७ हे साधारण आपल्या ९१ च्या बरोबरीचं आहे. युरोपात मात्र आपलीच आरओएन पद्धत चालते आणि तिथलं साधं पेट्रोलच ९५ असतं. म्हणून मूळ युरोपियन बनावटीच्या इंजिनांच्या झाकणावर ९५ जास्त दिसतो. शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना आहे, त्यामुळे संभाजीनगरात हा प्रश्न इतर जिल्ह्यांपेक्षा जरा जास्त ऐकू येतो.

साधं पेट्रोल आता पूर्वीचं साधं राहिलेलं नाही

वडीलधाऱ्यांना विचारलं तर ते ८८ चा काळ सांगतील. त्याही आधी ऑक्टेन वाढवायला पेट्रोलमध्ये शिसं घालत. ते देशभरात २००० साली बंद झालं. पुढे साधं पेट्रोल ९१ वर आलं, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (प्रदूषण कमी करण्यासाठीचं सरकारी मानक) इंधन लागू झालं तेव्हाही किमान आकडा ९१ होता.

मग आलं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशाची सरासरी २० टक्क्यांवर पोचली. हे इथेनॉल आपल्याला परकं नाही. लातूर, धाराशिव, बीडच्या उसाच्या मळीतून आणि रसातून ते बनतं, मक्यापासूनही बनतं. कारखान्यांच्या आवारात उभ्या असलेल्या त्या मोठमोठ्या टाक्यांतल्या काही त्याच्याच.

इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असतो. त्यामुळे ते मिसळलं की मिश्रणाचा आकडा वर जातो. ई२० च्या भारतीय मानकात किमान आरओएन ९५ आहे, आणि साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ई२० मुळे ९५ वर गेल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितलं. म्हणजे पूर्वी ज्या आकड्यासाठी लोक प्रीमियमच्या नोझलकडे जात, तो आकडा आता साध्या नोझलमध्येच आहे. ‘शिफारस ९५’ लिहिलेल्या गाडीच्या मालकाने हे लक्षात घ्यायला हवं. निव्वळ ऑक्टेनसाठी जास्तीचे पैसे देण्याचं त्याचं कारण जवळपास संपलं आहे. मात्र झाकणावर ई२० ची परवानगी आहे ना, तेही बघा.

कारण इथेनॉलची दुसरी बाजू आहे. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ऑक्टेन वर गेला तरी मायलेज खाली येतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातला अंदाज असा: शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं, आणि ई१० साठी घडवून ई२० ला जुळवलेल्या चारचाकींचं १ ते २ टक्क्यांनी. “पेट्रोल खराब आलंय, अ‍ॅव्हरेज पडलं” ही तक्रार हल्ली प्रत्येक चहाच्या टपरीवर आहे. त्यातली बरीचशी घट या साध्या गणिताची असते.

साधारण एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे पाइप, सील वगैरे ई२० धरून बनवलेले असतात. त्याआधीची गाडी असेल तर घाबरून विकायला काढू नका, पण सर्व्हिसिंगला पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील तपासायला आवर्जून सांगा. एरवी कोणी ते बघत नाही. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. मुलगा पुण्याला नोकरीला आणि गाडी परभणीच्या वाड्यात पावसाळाभर झाकून, अशी स्थिती असेल तर पंधरा दिवसांतून एकदा तरी ती वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणायला सांगा.

प्रीमियममध्ये मग असतं काय

दोन वेगळ्या गोष्टी. एक ऑक्टेन, दुसरी म्हणजे इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवरची घाण कमी करणारी रसायनं. इंडियन ऑइलचं एक्सपी९५ किंवा हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर९५ यांच्या नावातच आकडा आहे. नावात आकडा नसेल तर पंपावर विचारा, “आरओएन किती?” त्यांना सांगता आलं नाही तर त्या नावासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत राज्यातली मुंबई आणि पुणे होती. त्याचा दर साध्याच्या दीडपटीच्या घरात असतो, आणि ते महागड्या स्पोर्ट्स गाड्या व मोठ्या बाइकवाल्यांसाठी आहे. हॅचबॅकमध्ये ते घालणं ही निव्वळ हौस.

आपल्याकडे मराठवाड्यात हा हिशोब आणखी टोचतो. मनमाडच्या डेपोतून टँकर लांब येतात, म्हणून परभणीचा पेट्रोलचा दर राज्यात कायम वरच्या रांगेत. २०२१ मध्ये पेट्रोलने शंभरी गाठल्याच्या बातम्या आल्या तेव्हा परभणीचं नाव अग्रभागी होतं ते उगीच नाही.

गणित मांडून बघू. समजा साधं १०५ रुपये आणि प्रीमियम ११३. फरक ८ रुपयांचा. ३५ लिटरच्या टाकीमागे २८० रुपये, महिन्याला दोन टाक्या धरल्या तर ५६०, वर्षाला ६,७२०. एवढ्यात एका लहान गाडीची सर्व्हिसिंग निघते. आता उलटं बघा: साध्यावर गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल, तर प्रीमियमचे पैसे वसूल व्हायला तिने १६.१ च्या वर द्यायला हवं. ‘किमान ९१’ वाल्या साध्या इंजिनाकडून ही उडी होत नाही. हवा कमी असलेल्या टायरमध्ये नीट हवा भरून घेतलीत तर मायलेजला प्रीमियमपेक्षा जास्त फायदा होईल, आणि तीही पंक्चरवाला बऱ्याचदा फुकट भरून देतो.

सफाईच्या रसायनांचा फायदा खरा आहे, पण हळू होणारा. कोणाला अधूनमधून एखादी टाकी प्रीमियम भरायची असेल तर माझी हरकत नाही. दुकानात मिळणाऱ्या ‘ऑक्टेन बूस्टर’च्या बाटल्यांना मात्र हात लावू नका. त्यातल्या काहींत धातूची संयुगं असतात आणि प्लगवर त्यांचा लालसर थर बसतो.

कोणाला खरंच आकड्याकडे बघावं लागतं

टर्बो पेट्रोल गाडीवाल्यांना. टर्बो हवा कोंबून भरतो, त्यामुळे आतला दाब आणि ताप दोन्ही जास्त. त्यात समृद्धी महामार्गावर जालन्याहून नागपूरच्या दिशेने मे महिन्याच्या दुपारी, ४२-४३ अंशांत, चार माणसं आणि भरलेली डिकी घेऊन तासाला १२० ने सलग पळवली, की इंजिनात जाणारी हवाच तापलेली असते. आधुनिक गाडीत नॉक सेन्सर असतो. खडखड सुरू होण्याचा सुगावा लागला की संगणक ठिणगी जरा उशिरा टाकतो आणि इंजिन वाचतं. किंमत म्हणून थोडी ताकद आणि थोडं मायलेज जातं. म्हणूनच काहींना उन्हाळ्यात जास्त आकड्याच्या पेट्रोलवर गाडी “मोकळी” वाटते. ती भावना खोटी नसते, फक्त ती टर्बोवाल्याची असते. बिनटर्बोच्या हॅचबॅकवाल्याने ती उसनी घेऊ नये.

जर्मन महागड्या गाड्या, मोठ्या क्षमतेच्या बाइक आणि ‘रिमॅप’ करून (म्हणजे इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून) घेतलेल्या गाड्या यांनी झाकणावरचा किंवा रिमॅप करणाऱ्याने सांगितलेला आकडा पाळायचाच. ‘किमान ९५’ वाल्या गाडीत लांबच्या रस्त्यात नाइलाजाने ९५ पेक्षा कमी आकड्याचं पेट्रोल भरावं लागलं, तर टाकी फुल करू नका, पाच-दहा लिटर घ्या, अ‍ॅक्सिलरेटर हळू दाबा आणि पुढच्या चांगल्या पंपावर ९५ ने भरा. ९१ आणि ९५ एकत्र झाले तर काही बिघडत नाही, आकडा मधला होतो.

सीएनजी किट असलेल्यांनी फार डोकं चालवू नये. सीएनजीचा ऑक्टेन पेट्रोलहून कितीतरी वरचा असतो. त्यांनी फक्त टाकीत तळाला पडून शिळं झालेलं पेट्रोल दर काही आठवड्यांनी जाळून संपवावं.

घाटात आवाज आला तर

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताय, किंवा चाळीसगावकडून कन्नडचा. गाडी भरलेली, एसी चालू, पुढे ऊस भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढतोय. तुम्ही चौथ्या गियरमध्ये, वेग चाळीसवर आलेला, आणि तरी गियर न बदलता पाय दाबताय. बॉनेटखालून बारीक टकटक येते, डब्यात खडे हलवल्यासारखी. पाय उचलला की थांबते, दाबला की पुन्हा.

पहिलं काम म्हणजे पाय सैल सोडून दुसऱ्या गियरवर या. कमी फेऱ्यांवर जास्त ओढ मागितली की नॉकिंग होतंच. नव्या चालकांच्या बाबतीत हेच कारण सगळ्यात जास्त असतं, आणि त्याला औषध गियरचा दांडा. घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढला म्हणजे ते दुखावतंय, हा गैरसमज डोक्यातून काढा. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरणारं इंजिन चढावर खुश असतं.

दुसऱ्या गियरमध्येही आवाज राहिला तर तापमानाचा काटा बघा. तो वर असेल तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका. काटा ठीक असेल आणि आवाज सपाट रस्त्यावरही येत असेल, तर मेकॅनिककडे जाऊन कूलंट, स्पार्क प्लगचा क्रमांक आणि आत साठलेला कार्बन, या क्रमाने तपासायला सांगा. चुकीच्या जातीचा प्लग हे आपल्याकडे वारंवार सापडणारं कारण आहे, विशेषतः लोकल दुकानातून “चालतो याला” म्हणून बसवलेला. अशा वेळी महागडं पेट्रोल घातलं तर आवाज दबतो आणि दुखणं आत वाढत राहतं. थेट इंजेक्शनच्या टर्बो गाडीत इंजिन ऑइल पुस्तकात दिलेल्या दर्जाचंच घ्या. कमी फेऱ्यांवर होणारा एक प्रकारचा अवेळी स्फोट ऑइलच्या दर्जावर अवलंबून असतो, पेट्रोलच्या आकड्याने तो पुरता थांबत नाही.

पटत नसेल तर ताळा करून बघा

एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा. वरून “अजून थोडं” करून कोंबू नका. किलोमीटर शून्य करा. रोजच्या रस्त्यावर चालवा, पुन्हा त्याच पंपावर तसंच भरा. समजा ४१२ किलोमीटर झाले आणि २७.४ लिटर बसलं, तर सरासरी १५. असं साध्यावर दोनदा आणि प्रीमियमवर दोनदा करा. प्रीमियमची पहिली टाकी हिशोबात धरू नका, कारण आधीचं पेट्रोल मिसळलेलं असतं आणि गाडीच्या संगणकालाही जुळवून घ्यायला वेळ लागतो. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, तो अनेक गाड्यांत जरा उदार असतो. आणि एक टाकी लग्नाच्या गडबडीतली, दुसरी नांदेड-लातूर मोकळ्या रस्त्यावरची, अशी तुलना करून मला सांगू नका.

पंपावर उतरल्यावर

खाली उतराच. गाडीत बसून मीटर दिसत नाही. “शून्य बघा” म्हटलं की खरंच बघा आणि शून्याशेजारी पेट्रोलचा प्रकारही बघा, कारण एकाच मशीनवर साधं आणि प्रीमियम शेजारी-शेजारी असतं. “फुल करा” एवढंच म्हणू नका, “साधं, फुल” असं म्हणा. त्या दोन अक्षरांनी बरेच वाद वाचतात.

शंका आली तर ग्राहक म्हणून तुम्ही पाच लिटरच्या मापाने मोजून मागू शकता. पाच लिटरमागे २५ मिलीपेक्षा जास्त फरक चालत नाही. फिल्टर पेपरही मागता येतो. त्यावर पेट्रोलचा थेंब टाका, चांगलं असेल तर डाग न ठेवता उडून जातं. घनतेचा आकडा मशीनवर किंवा फलकावर लिहिलेला असतो. या मागण्या गर्दीच्या वेळी सौम्यपणे करा, पण करा.

डिझेल गाडीवाल्यांना ऑक्टेनशी घेणंदेणं नाही. त्यांचा आकडा सीटेन, म्हणजे डिझेल किती सहज पेट घेतं ते, आणि बीएस-६ डिझेलमध्ये तो किमान ५१ असतो. पण घरात एक पेट्रोल आणि एक डिझेल अशा दोन गाड्या असतील तर झाकणावर मोठ्या अक्षरांत रंगाने लिहून ठेवा. डिझेल गाडीत पेट्रोल पडलंच, तर चावी फिरवू नका, ‘ऑन’वरसुद्धा नाही. कारण नुसत्या चावीनेही पंप ते पेट्रोल पुढे ढकलतो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करून घ्या, आणि मगच डिझेल भरा. इंजिन चालू केलं नसेल तर खर्च टाकी उपसण्यापुरता राहतो. चालू केलं असेल तर पंप आणि इंजेक्टरचं बिल पाच आकड्यांत सुरू होतं.